नऊ दगडांची सूट

दिनांक २६ जानेवारी २०२५, रविवार. वेळ दुपारी सव्वादोन. ठिकाण शहादा, बसस्थानकाच्या रस्त्यावरचं बंद पडलेलं फवारणी औषधांचं दुकान, दहा बाय चौदा फूट. रक्कम अकरा हजार रुपये, पाचशेच्या बावीस नोटा, पाकिटात घालून माझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात. हजर माणसं: सविताबेन, वय त्रेसष्ट, त्यांचे धाकटे दीर रमणभाई, हे अकरा हजार इसार म्हणून देणारा मोबाईलवाला लीलाधर, माझी बायको मंगल, मी, आणि आमच्या मंडळाचे अकरा जण. एकूण सोळा. लॅपटॉप धरला तर सतरा, आणि त्या दिवशी तो धरायलाच हवा, कारण सविताबेनचा सामना त्याच्याशी होता.

माझा धंदा मी लोकांना सांगितला की ते आधी हसतात आणि मग विचारतात, ‘पण नोकरी काय करता?’ म्हणून तो आधी नीट सांगतो.

मी मूळ रनाळ्याचा, वय चोपन्न. शहाद्यात अठरा वर्षं संगणक वर्ग चालवला. मधल्या काळात जवळच्या एका सूतगिरणीत यंत्रं बसवायला तैवानहून लिन नावाचा फिटर आला आणि चार महिने आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिला. त्याला मराठी येत नव्हतं, मला चिनी येत नव्हतं, इंग्रजी दोघांचंही जेमतेम. संध्याकाळी करायचं काय? त्याने सुताराकडून प्लायवूडची एक फळी कापून घेतली, तिच्यावर पेन्सिलीने एकोणीस उभ्या आणि एकोणीस आडव्या रेघा मारल्या आणि मला ‘गो’ शिकवला. दगड म्हणून आम्ही शिंप्याकडची बटणं घेतली. लागतात काळी १८१ आणि पांढरी १८०. शिंपी ग्रोसने देतो, म्हणजे एकशे चव्वेचाळीस. दोन ग्रोस काळी, दोन ग्रोस पांढरी, एकूण ५७६. उरली २१५. ती मंगल अजून वापरते आहे. आमच्या घरात गेल्या कित्येक वर्षांत एकाही सदऱ्याला रंगीत बटण लागलेलं नाही.

खेळ सोपा आहे. रेघा जिथे एकमेकींना छेदतात ते घर; तिथे आळीपाळीने एकेक दगड ठेवायचा. एकदा ठेवलेला दगड हलत नाही. शेवटी ज्याचे दगड आणि त्यांनी वेढलेली मोकळी घरं मिळून जास्त होतील, तो जिंकला. एकूण घरं ३६१. बरोबरी होऊ नये म्हणून पांढऱ्याला अर्धं घर जास्त देतात. समोरचा आपल्याहून बलवान असेल तर कच्च्या खेळाडूला काळे दगड देऊन ते आधीच पटावर मांडू देतात. ही सूट. दोन दगडांची, पाचाची, नवाची. फार कच्चा असेल तर पंचवीस. सूट घेण्यात कमीपणा नाही. उलट दोघांत किती दगडांचं अंतर आहे, हे नेमकं कळतं. मला या खेळात सगळ्यात हेच आवडलं. माणूस आपल्याहून किती हुशार आहे, हे इतर कुठे आकड्यात मिळतं?

वर्ग बंद पडला त्या वर्षी लिनचा निरोप आला. त्याचा एक नातलग गो खेळणारं ॲप बनवणाऱ्या कंपनीत होता. त्यांचं यंत्र जगातल्या कोणत्याही माणसाला हरवत होतं, पण नवशिक्यांना सूट देऊन खेळताना त्याचा तोल जात होता. त्यांना रोज त्याच्याशी सूट घेऊन खेळणारा आणि प्रत्येक डावाचा अहवाल लिहिणारा मध्यम दर्जाचा माणूस हवा होता. उत्तम खेळाडू त्यांना चालत नव्हता. एका डावाच्या अहवालाला एकशे ऐंशी रुपये. आजवर ४,१०६ अहवाल झाले. मध्यमपणाबद्दल पैसे मिळवणारा तालुक्यात मी एकटाच असेन.

यंत्राचा तोल जातो म्हणजे काय, ते सांगतो. हे यंत्र स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकतं, पण ते सगळे बरोबरीचे. प्रत्येक खेळीला ते एवढंच बघतं, की यातून जिंकण्याची शक्यता किती. आता समोरच्याला नऊ दगड आधीच दिले, की त्याच्या हिशोबाने डाव सुरू होण्याआधीच हरलेला असतो. ही खेळी केली तरी हरणार, ती केली तरी हरणार. शंभरातली एक शक्यता आणि शंभरातली एक शक्यता यांत निवडायचं काय? मग ते वाटेल तिथे दगड ठेवतं. आमच्या मंडळातल्या एका निवृत्त तलाठ्यांशी पंचवीस दगडांवर खेळताना त्याने पहिलाच दगड पटाच्या अगदी काठावर, पार कोपऱ्यात ठेवला. तलाठी अप्पांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “सर, याना पारा चढेल शे. डॉक्टरले दाखाडा.” मी अहवालात लिहिलं, ‘यंत्र निराश दिसलं.’ कंपनीकडून उलट प्रश्न आला, निराश म्हणजे नक्की काय? मी तीन पानं लिहिली. पैसे एकशे ऐंशीच मिळाले.

उलटा प्रकारही बघितला. तुलना करायला त्यांनी एक जुना, बराच कच्चा प्रोग्रॅम पाठवला होता. लिन सांगायचा, एके काळी पट्टीचा माणूस अशा यंत्राला एकोणतीस दगड देऊनही हरवत असे. या जुन्या यंत्राला मी नऊ दगड द्यायचो. ते सुरुवातीलाच मोठ्या आघाडीवर असायचं, आणि जिंकणार याची खात्री झाली की हात सैल सोडायचं. इथली दोन घरं सोड, तिथली पाच सोड. अर्ध्या घराने जिंकलं काय नि पन्नासने जिंकलं काय, त्याला दोन्ही सारखंच. कधी कधी इतकं सोडायचं की शेवटचा अंदाज चुकून हरायचं. मंगल एकदा शेजारी बसून बघत होती. म्हणाली, “हाई यंत्र मन्हा धाकला मामासारखं शे.” मी ते अहवालात लिहिलं नाही.

या रोगावर कंपनीने दोन-तीन औषधं केली. एक म्हणजे यंत्राला खोटंच सांगायचं, की तुझ्याकडे इतकी इतकी घरं जमा आहेत, म्हणजे ते बरोबरीचा डाव समजून शहाण्यासारखं खेळतं. डाव पुढे जाईल तशी ती खोटी जमा कमी करत आणायची. दुसरं, जे आम्ही अलीकडे वापरत होतो, ते जास्त सरळ. यंत्र मागे असेल तेव्हा ते जिंकण्या-हरण्याऐवजी घरं मोजतं, म्हणजे एकेका घरासाठी भांडतं. पुढे गेलं की पुन्हा सावध होतं आणि नुसतं जिंकायचं बघतं. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. त्या दुपारचा सगळा घोळ याच्यात आहे.

आता सविताबेन. नदीकाठच्या गुजर शेतकरी कुटुंबातल्या. केळी आणि ऊस. यजमान वारले. मुलगी नवसारीला दिलेली. तिच्याशी व्हिडिओवर बोलायला शिकायचं म्हणून त्या माझ्याकडे आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावरची फळी बघितली आणि विचारलं, “ही बटणं अशी का मांडलीत?” व्हिडिओ शिकायला त्यांना दोन दिवस लागले. गो अजून चालू आहे.

त्यांच्या प्रगतीचा तक्ता माझ्याकडे आहे. पहिला विजय पंचवीस दगडांवर, एकोणतिसाव्या डावात. मग वीस, सोळा, तेरा, अकरा. दहा दगडांवर जिंकायला चौऱ्याऐंशी डाव लागले. नऊवर त्या सदतीस डाव खेळल्या आणि सदतीस हरल्या. दरम्यान त्यांनी हे बंद दुकान झाडून घेतलं, तीन फळ्या करवून घेतल्या आणि दुपारी दोन ते पाच मंडळ बसू लागलं. बहुतेक बायकाच. ज्या वेळी घरची माणसं झोपतात त्या वेळी या जाग्या असतात, एवढंच कारण.

दुकान सविताबेन आणि रमणभाई दोघांच्या नावावर. रमणभाई वाईट माणूस नाहीत. लीलाधर महिना नऊ हजार भाडं द्यायला तयार होता आणि खोलीतून येत होते शून्य. त्यांनी इसार घेतला आणि भाभींच्या सहीसाठी करारपत्र घेऊन आले. तेव्हा मी समोरच होतो.

“भाभी, च्यार वरीस व्हयनात, बटनेसना खेळ करी ऱ्हायनात तुम्ही. त्या यंत्रले कधी हाराडं का?”

“पंचीस दगडवर हारनं ते. वीसवर हारनं. दहावर बी हारनं.”

“सूट लिसन जिकनं म्हंजे काय जिकनं?”

“नववर हारनं तर?”

रमणभाई हसले. “तर तीन वरीस खोली तुम्हनी. आनि नही हारनं, तर हाई सही.”

“एकच डाव,” सविताबेन म्हणाल्या.

नंतर मी त्यांना विचारलं, सही तर तुमच्याच हातात होती, नुसतं नाही म्हणायचं. त्या माझ्याशी शाळेतलं मराठी बोलतात. म्हणाल्या, “सर, अडवून घेतलेल्या खोलीत मला खेळ सुचणार नाही.” सदतीस डाव हरलेल्या बाईने अडतिसाव्यावर खोली लावली होती. तिथे येणाऱ्या अकरा जणांनाही ते माहीत होतं.

इसार माझ्याकडे ठेवायचा ठरला. यंत्र जिंकलं तर रमणभाईंना द्यायचा, सविताबेन जिंकल्या तर लीलाधरला परत. बोली मी कागदावर चार ओळींत लिहिली: सूट नऊ दगड, पांढऱ्याला अर्धं घर, मोजणी मंडळाच्या नेहमीच्या रीतीने, डाव एक. दोघांच्या सह्या घेतल्या.

शनिवारी मी यंत्राची तयारी केली. सेटिंगच्या चार चौकटी असतात. चारही तपासल्या, वहीत खुणा केल्या. रविवारी सकाळी झेंडावंदन करून आलो तर कंपनीची नवी आवृत्ती आलेली. नवी आली की त्याच दिवशी लावायची, हा माझा नियम. सामना जुन्या आवृत्तीवर झाला असं उद्या कोणी म्हणायला नको, म्हणून लावली. चौकटी पुन्हा तपासल्या नाहीत, कारण वहीत खुणा होत्याच. आळशी माणसाने जुनीवर भागवलं असतं आणि पुढचं काही घडलं नसतं.

डाव सुरू झाला. सविताबेन फळीवर बटण ठेवत, मी ती खेळी लॅपटॉपवर देई, यंत्राचं उत्तर बघून पांढरं बटण फळीवर ठेवी. जिंकण्याच्या शक्यतेचा आकडा पडद्यावर दिसतो, त्यावर मी कागद चिकटवला होता. रमणभाई सुरुवातीला दारात उभे होते. पन्नास खेळ्यांनंतर स्टूल ओढून बसले. शंभर खेळ्यांनंतर फळीवर वाकून बघू लागले आणि मंगलने त्यांना मागे ओढलं. “सावली पडी ऱ्हायनी, भाऊ.”

सविताबेन त्या दिवशी वेगळ्याच खेळत होत्या. आधीच्या सदतीस डावांत त्या यंत्राच्या प्रत्येक डिवचण्याला उत्तर द्यायच्या आणि त्यातच हरायच्या. बलवान खेळाडू सूट देऊन असाच जिंकतो. जागोजागी काडी टाकतो आणि समोरचा कुठे घाबरतो ते बघतो. त्या दिवशी त्यांनी तीन वेळा उत्तर दिलंच नाही. दुसरीकडे मोठी जागा घेतली. मी आतून मोजत होतो. त्या पुढे होत्या.

सव्वापाचला डाव संपला. मी पडद्यावरचा निकाल वाचला. ‘पांढरा अर्ध्या घराने विजयी.’

रमणभाईंनी टाळी वाजवायला हात वर केले आणि भाभींकडे बघून परत खाली घेतले. तलाठी अप्पा म्हणाले, “अर्धं घर! अर्ध्या घरले तर दार बी ऱ्हात नही.” लीलाधरने मोबाईल काढून कोणाला तरी सांगितलं, की बोर्ड रंगवायला घ्या.

सविताबेन मात्र मोजत बसल्या होत्या. हरल्यावर त्या नेहमी हाताने मोजतात. काळ्या दगडांचे आणि घरांचे दहा-दहाचे गट करून त्यांनी बोट ठेवलं. “एकशे पंच्याऐंशी.”

मी पुन्हा मोजलं. एकशे पंच्याऐंशीच. म्हणजे पांढरी एकशे शहात्तर. काळ्याची नऊ घरं जास्त. पांढऱ्याचं अर्धं वजा केलं तरी साडेआठ.

“सर, माझी नऊ जास्त आहेत. तुमचं यंत्र म्हणतं मी अर्ध्याने हरले. मधले साडेनऊ गेले कुठे?” आणि मग उत्तर त्यांचं त्यांनाच सापडलं. “अर्धं तर आपण बोललो होतो. नऊ दगडांचे नऊ! सर, ही कटती आहे.”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे केळी किंवा कापूस विकताना व्यापारी वजनातून थोडं कापून घेतो. दांड्याचं म्हणून, ओलीचं म्हणून. ती कटती. सौदा ठरताना ती बोलून घ्यायची असते. मापाच्या वेळी नवी कटती काढली, की भांडण ठरलेलं. त्या बाईंनी आयुष्यभर केळी मोजून दिलेली. नऊ आकडा दिसताच त्यांना जो वास आला तो मला चार हजार डाव खेळून आला नव्हता.

मी सेटिंग उघडलं. चौथी चौकट. काही देशांत रीत आहे, की मोजणीच्या वेळी सुटीच्या प्रत्येक दगडामागे पांढऱ्याला एक घर परत द्यायचं. आमच्या मंडळात ती रीत कधीच नव्हती, म्हणून मी ती चौकट बंद ठेवतो. नव्या आवृत्तीने ती आपली आपण चालू केली होती. मी लॅपटॉप सगळ्यांकडे फिरवला आणि म्हणालो, “चूक माझी आहे. सकाळी तपासायला हवं होतं. बोलीत ही कटती नव्हती.”

“म्हंजे भाभी जिकनी?” रमणभाई उभे राहिले. “सर, तुम्ही त्यास्ना मास्तर. मन्ही बाजूना निकाल लागना आनि तुम्हले चौकट सापडनी. तुम्हना शबद मी कसा धरू?”

प्रश्न रास्त होता. मी त्यांना कागद दाखवला, चार ओळी, खाली त्यांची सही. त्यांनी त्या दोनदा वाचल्या. फळीवरची काळी घरं स्वतःच्या बोटाने मोजली. मग खाली बसले. “बराबर शे. कटती बोलीमा नही.”

मंडळात गलका सुरू झाला होता. कोणीतरी साखर आणायला निघालं. आणि मला त्याच वेळी दुसरी गोष्ट समजली, जी त्या खोलीत माझ्याशिवाय कोणालाही समजण्यासारखी नव्हती. गप्प बसलो असतो तर ती आजही कोणाला कळली नसती.

यंत्राला वाटत होतं, आपल्याकडे नऊ घरं जमा आहेत. ती धरून आपण अर्ध्या घराने पुढे आहोत, असं दिसल्यावर ते सावध झालं आणि भांडायचं थांबलं. जमा नाही हे त्याला माहीत असतं, तर ते थांबलं नसतं. मी पडद्यावर चिकटवलेला कागद काढून नोंदी बघितल्या. १७५व्या खेळीपर्यंत ते स्वतःला मागे समजत होतं, म्हणजे प्रत्येक घरासाठी भांडत होतं. तिथवर चौकटीने काही फरक पडला नव्हता. १७६वी खेळी सविताबेनची, थोडी ढिली. १७७व्याला यंत्राने आपण पुढे आहोत असं धरलं आणि हात आखडला. उजव्या वरच्या कोपऱ्यात सविताबेनच्या भिंतीला एक फट होती. तिथे शिरायचं त्याने सोडून दिलं होतं. त्या कोपऱ्यात वीसहून जास्त घरं होती.

मी हे सगळं सांगितलं. सांगताना मंगलकडे बघितलं नाही, पण तिचा आवाज आलाच. “तुम्हले आजच खरं बोलानं व्हतं का?”

साखर आणायला निघालेला माणूस दारात थांबला. रमणभाईंनी दोन्ही हात पसरले. “आते सांगा सर, जिकनं कोन?”

“मला सांगता येत नाही,” मी म्हणालो. पंच म्हणून पाकीट खिशात ठेवलेल्या माणसाने हे बोलावं, याची मला फार लाज वाटली. नवा डाव लावावा म्हटलं तर बोलीत डाव एकच होता, आणि तीन तास खेळून थकलेल्या बाईला पुन्हा पहिल्यापासून बसवणं अन्याय. आहे तो निकाल धरावा तर यंत्रावर अन्याय. यंत्रावर अन्याय होतो का, हा प्रश्न तलाठी अप्पांनी लगेच काढला. मी म्हणालो, यंत्राला काही वाटत नाही, पण रमणभाई त्याच्या भरवशावर बसले आहेत.

सविताबेन फळीकडे बघत होत्या. चिडल्या होत्या, हे त्यांच्या नाकावरून दिसत होतं. थोड्या वेळाने म्हणाल्या, “ते जिथे थांबलं, तिथून लावा. चौकट बंद करून.”

“भाभी, त्याले आते तो कोपरा दखास,” रमणभाई म्हणाले. का कोण जाणे, पण हे त्यांनीच सांगितलं.

“मलाही आता दिसतो. सरांनी दोघांना सांगितलं.”

मी १७७पासूनची बटणं एकेक करून उचलली. नोंद समोर ठेवून, रमणभाईंना शेजारी उभं करून. चौकट बंद केली. चारही चौकटी मोठ्याने वाचल्या. मग यंत्राला खेळी विचारली. ते सरळ कोपऱ्यात शिरलं.

आता ती फट बुजवायला वरवर चार उत्तरं दिसत होती. त्यातल्या तिन्हींत कोपरा हातचा जात होता. मला बरोबर कोणतं ते माहीत नव्हतं, खरं सांगतो. मी मध्यमच आहे. सविताबेननी पदर खांद्यावर घट्ट केला आणि त्या विचार करायला लागल्या. मी घड्याळ बघितलं. पाच पंचावन्न. सहा. सव्वासहा. लीलाधर जाऊन चहा पिऊन आला. मंडळातल्या बायकांची घरी जायची वेळ टळून गेली होती आणि कोणी उठत नव्हतं. एका बाईच्या घरून फोन आला, तिने तो बघून पालथा ठेवला.

सहा सव्वीसला त्यांनी बटण उचललं आणि पहिल्यांदा वाटणाऱ्या तिन्ही जागा सोडून, अगदी काठाला, कोपऱ्यापासून एक-दोनच्या घरात ठेवलं. दिसायला ती खेळी मूर्खपणाची होती. तलाठी अप्पांनी नवशिके असताना यंत्राला ज्या जागेवरून वेडं ठरवलं होतं, तशीच जागा.

यंत्र नेहमी दोन सेकंदांत उत्तर देतं. या वेळी अकरा सेकंद लागले. मग त्याने कोपरा सोडला आणि पटाच्या दुसऱ्या टोकाला एक घर मिळवायला गेलं.

“काय व्हयनं?” रमणभाईंनी विचारलं.

“कोपरा वाचला,” मी म्हणालो.

पुढच्या साठेक खेळ्यांत यंत्राने जमेल तिथून घरं ओरबाडली. मागे असताना ते भांडतं म्हणालो ना, तसंच. शेवटची मोजणी सविताबेननी केली नाही. त्यांनी दिराला सांगितलं, “तुम्ही मोजा.” रमणभाईंनी दहा-दहाचे गट केले, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा नीट मोजलं. काळी एकशे चौऱ्याऐंशी, पांढरी एकशे सत्त्याहत्तर. अर्धं वजा जाता साडेसहा घरांनी काळा विजयी. पडदाही तेच म्हणत होता.

रमणभाई बराच वेळ बोटांनी त्या कोपऱ्यातल्या बटणाशी चाळा करत होते. मग म्हणाले, “चाळीस वरीस केळी इकी ऱ्हायनू. कापेल कटती कोनी परत दिन्ही, हाई आज पहिल्यांदा दखं.” आणि मला म्हणाले, “आनि जिकेल डाव कोनी परत मांडा, ते बी.”

सोमवारी मी कंपनीला अहवाल लिहिला. नवी आवृत्ती लावली की चौथी चौकट आपोआप चालू होते, आणि वापरणाऱ्याला ते कुठेच सांगितलं जात नाही. शिवाय लिहिलं, की तपासणाऱ्या माणसाने ती त्या दिवशी तपासली नाही. त्यांनी पुढच्या आवृत्तीत डाव सुरू होण्याआधी सूचना दाखवायला सुरुवात केली. त्या अहवालाचे एकशे ऐंशी रुपये मी घेतले नाहीत. त्यांच्या हिशोबखात्याला हे पटलं नाही. त्यांच्याकडे पैसे नाकारण्याची चौकट नाही म्हणून ते खात्यावर आलेच. मंगलने त्याची साखर आणली, मंडळाला वाटायची राहिली होती ती.

एकच रुखरुख राहिली. यंत्राच्या अकरा सेकंदांत त्याने काय काय बघितलं, याची नोंद मी ठेवायला हवी होती. धंद्याच्या दृष्टीने ती चार हजार अहवालांइतक्या मोलाची होती. पण त्या वेळी मी नोंदीकडे बघत नव्हतो, सविताबेनच्या हाताकडे बघत होतो.

देणी अशी फिटली. लीलाधरला त्याच संध्याकाळी अकरा हजार परत, बावीस नोटा, सगळ्यांसमोर मोजून. त्याने पावतीवर सही केली आणि बोर्ड रंगवणाऱ्याला फोन केला. एक फेब्रुवारीला सविताबेन आपल्या केळीच्या पैशांतून साडेचार हजार घेऊन दिराकडे गेल्या. महिन्याच्या बुडालेल्या नऊ हजार भाड्यातला दिराचा अर्धा हिस्सा. पैज खोलीची होती, म्हणाल्या, तुमचं भाडं बुडवायची नव्हती. रमणभाईंनी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता ते खोलीत आले, चप्पल बाहेर काढली, किती दगड मिळतील विचारलं. मी पंचवीस म्हणालो. त्यांनी खिशातून चारशे रुपये काढून शिकवणीची महिन्याची फी म्हणून माझ्या हातात ठेवले.